दारातली खाट

मालनबाईला मीठ सोडायला सांगितलं ते तिच्या भाच्यानं, म्हणून तिनं ते सोडलं. दुसऱ्या कुणा डॉक्टरनं सांगितलं असतं तर ती हो हो म्हणत घरी आली असती आणि संध्याकाळी भाकरीवर ठेचा घेऊन बसली असती.

भाचा म्हणजे जयराम. मालनबाईची थोरली बहीण शकुबाई तापात गेली तेव्हा तो अजून रांगत होता. मालनबाईचा नवरा सहादू त्याला खांद्यावर टाकून पिंपळगाव बसवंतला घेऊन आला. मालनबाईच्या पदरात स्वतःचा रावजी होताच. तिनं एकाला डाव्या मांडीवर घेतलं, दुसऱ्याला उजव्या. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात. वस्तीतल्या बायका मालनबाईकडं बोट दाखवून ते म्हणायच्या. सहादू फार वर्षं जगला नाही. तो गेल्यावर मालनबाई कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायला लागली. व्यापाऱ्याच्या पत्र्याखाली कांद्याचे ढीग पडायचे, त्यातून सडका वेगळा, जोड वेगळा, बारीक गोल्टी वेगळी करत बायका दिवसभर उकिडव्या बसायच्या. त्या ढिगांवर तिनं दोन पोरं शिकवली. रावजी मॅट्रिक होऊन नाशकात कारकून झाला. जयराम डोक्यानं तल्लख. आधी नाशकाच्या वसतिगृहात राहिला, मग औरंगाबादेला जाऊन डॉक्टर झाला. वस्तीतला पहिला डॉक्टर. विहारात त्याचा सत्कार झाला तेव्हा लोकांनी मालनबाईला पुढच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या कडेला टेकली होती, कारण पूर्ण बसायची तिला सवय नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा जयरामनं आग्रा रोडच्या कडेला, टेम्पो उभे राहतात तिथं, दोन खोल्या घेऊन दवाखाना टाकला. सुरुवातीला तिथं माशा हाकायलाही माणूस नसायचं. एक दिवस मालनबाई मानेत ठणका लागला म्हणून गेली. खाली मान घालून बसायचं काम, मान दुखायचीच, असं तिला वाटत होतं. जयरामनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. तिसऱ्यांदा फुगवताना त्याचा चेहरा बदलला.

"मावशी, ब्लडप्रेशर फार वाढलंय तुझं."

"मला तर नुसती मान दुखती."

"तेच वाईट. हे दुखत नाही, आतून पोखरतं." मग त्यानं तिला समजावून सांगितलं. मीठ सगळेच खातात, पण काहींच्या अंगाला ते सोसत नाही. आक्काबाई मुठीनं सुके बोंबील खाईल आणि तिचं ब्लडप्रेशर जागचं हलणार नाही. मालनबाईनं तेवढंच खाल्लं तर चढेल. "जात्याच असतं ते. आजपासून मीठ बंद."

आक्काबाई म्हणजे मालनबाईची खळ्यावरची जोडीदारीण. दुपारी बायका गोल करून भाकरी सोडायच्या. खारातल्या मिरच्या, भाजलेला बोंबील, शेंगदाण्याचा ठेचा असं काहीबाही हातोहात फिरायचं. मालनबाईपर्यंत आलं की ती पुढं सरकवायची. तिच्या फडक्यात अळणी पिठलं असायचं. पहिले काही दिवस भाकरी तोंडात माती खाल्ल्यासारखी फिरायची. पण कुणी आग्रह केला की ती म्हणायची, "नको बाई. आमच्या जयानं बंद केलंय." हे म्हणताना तिला इतकं बरं वाटायचं, की त्यापुढं मिठाची चव काहीच नव्हती.

जयरामनं गोळ्याही दिल्या होत्या. त्यातली एक लघवी वाढवणारी. तिनं ब्लडप्रेशर उतरलं, पण उन्हाळ्यात मालनबाईला ग्लानी यायला लागली. पोटऱ्यांत गोळे यायचे, ढिगाजवळून उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. ती दवाखान्यात गेली. जयराम म्हणाला, "सलाईन लावू. ताकद येईल." दवाखान्यात दोन खाटा होत्या, एक आतल्या खोलीत पंख्याखाली आणि एक बाहेर, दारात. त्यानं तिला दारातल्या खाटेवर झोपवलं, खिळ्याला काचेची बाटली उलटी टांगली आणि नळी हाताला लावली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. बाटली संपल्यावर मालनबाई उठली ती खरोखरच हलकी होऊन. गोळे गेले, अंधारी गेली. मग तिला भरपूर लघवीला झाली. तिनं हे सांगितल्यावर जयराम हसून म्हणाला, "बघ, अंगातलं नको ते बाहेर पडतंय."

त्यानंतर थकवा आला की मालनबाई बाटली लावून घ्यायला लागली. आधी महिन्यातून कधीतरी, मग आठवड्याला, कांद्याच्या हंगामात आठवड्यातून दोनदाही. जयराम तिच्याकडून कधी काही घ्यायचा नाही. ती आली की दारातली खाट झटकायचा. येणारे-जाणारे विचारायचे, "मालनबाई, काय झालं गं?" ती झोपल्या झोपल्या सांगायची, "काय नाय. आमच्या जयानं ताकद लावलीय."

ती माणसंही यायला लागली. आधी वस्तीतली, मग गावातली, मग ज्यांनी आयुष्यात वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं त्यांच्याही घरची. पेठकडून द्राक्षाच्या बागांवर येणारे कोकणा आदिवासी मजूर यायचे, टेम्पोवाले यायचे. दवाखान्यात खाटा वाढल्या. पुढं जयरामनं स्वतःची इमारत बांधली. दार मोठं झालं, आणि दाराजवळची खाट तिथंच राहिली.

एक गोष्ट मात्र मालनबाईला उमगत नव्हती. जयराम दर खेपेला मालनबाईच्या दंडाला पट्टा लावायचा आणि पारा पहिल्यापेक्षा वर जायचा. तो गोळ्या बदलायचा. लघवीची गोळी त्यानं मधेच काढून टाकली, तिच्यामुळं अशक्तपणा येतो म्हणून. एकदा त्यानं पट्टा सोडता सोडता विचारलं, "मावशी, खरं सांग. चोरून मीठ खातेस ना?"

मालनबाईला ते लागलं. ती म्हणाली, "तुझी शपथ जया. वाटीभर आमटीतसुद्धा घालत नाय मी."

"मग चढतं कसं?"

घरी येऊन तिनं पिठाचा डबा, मसाल्याचा डबा हुंगून बघितला, की कशात चुकून मीठ पडतंय का. बाजारातलं फरसाण तर तिनं कधीच सोडलं होतं. आता कुणाच्या घरचं पाणी सोडून काही घ्यायची नाही. लग्नकार्यात पंगतीला बसायची नाही. पण जयरामनं विचारलेलं आक्काबाईच्या कानावर गेलं होतं, आणि एक दिवस खळ्यावर ती हसत म्हणाली, "मालन, एवढं सोवळं पाळती न् चढतंच कसं गं तुझं? रात्रीचं बोटभर चाटती काय?" बायका हसल्या. मालनबाईही हसली, पण त्या दिवशी तिनं भाकरी एका बाजूला बसून खाल्ली.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात तिच्या पायांवर सूज आली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. सकाळी डोळे सुजलेले असायचे. बाटली लावल्यावर पूर्वी होत होती तशी लघवी होईना. जयराम म्हणाला, वय झालं, रक्त कमी झालंय. त्यानं एका दिवसात दोन बाटल्या लावल्या. घरी आल्यावर तिला आडवं होता येईना. आडवी झाली की पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. रावजी आईला भेटायला आला आणि तिची ती धाप बघून त्यानं एक टेम्पोवाला गाठला आणि तिला थेट नाशकाला नेलं.

तिथं ती डॉक्टर निमोणकर बाईंच्या हाताखाली आली. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी इंजेक्शनं देऊन अंगातलं पाणी काढलं. रक्त, लघवी तपासली. चार दिवसांनी मालनबाई उशीला टेकून बसायला लागली तेव्हा बाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. रावजी पायथ्याशी उभा होता.

"तुमची दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त खराब झालीत," बाई म्हणाल्या. "उरलेली जपायची. त्यासाठी पहिलं म्हणजे मीठ बंद."

मालनबाई म्हणाली, "मीठ तर मी कधीच सोडलंय बाई. अकरा वर्षं व्हतील."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ती नजर मालनबाईला ओळखीची होती. जयराम असंच बघायचा.

"माझ्या पोराला विचारा," ती म्हणाली. "मी खोटं बोलत नाय."

"खरंय डॉक्टर," रावजी म्हणाला. "आमच्याकडं आली तरी हिचं वेगळं शिजतं."

बाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. पापड? लोणचं? खाण्याचा सोडा? गुडघ्यांसाठी पुड्या? मालनबाई नाही म्हणत गेली. शेवटी बाईंचं लक्ष तिच्या कोपराच्या आतल्या बाजूकडं गेलं. तिथं सुयांचे डागच डाग होते.

"हे काय?"

"ते सलाईनचं. माझा भाचा डॉक्टर हाय ना पिंपळगावला. त्यो लावतो, ताकदीसाठी."

"किती वेळा?"

"आठवड्याला एक तर व्हतीच."

बाईंनी नर्सला हाक मारून एक बाटली मागवली. सुईनं थोडं पाणी काढलं आणि म्हणाल्या, "हात पुढं करा." मालनबाईच्या तळहातावर थेंब पडले. "चाखून बघा."

तिनं जीभ लावली. फार खारट नव्हतं. आमटीत घालतात तेवढंच मीठ. पण इतक्या वर्षांनी जिभेवर मीठ आलं होतं आणि तिचं तोंड पाण्यानं भरून आलं. तिला ते चांगलं लागलं. हीच गोष्ट पुढं तिला सगळ्यात जास्त छळायची, की त्या क्षणी तिला ते चांगलं लागलं.

"ह्यात मीठ हाय," ती हळू म्हणाली.

"एका बाटलीत चहाचा चमचाभर. तुम्ही तोंडानं बंद केलंत, ते नळीतून आत गेलं."

मालनबाई बाटलीकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "पण मला बरं वाटायचं. लघवी व्हायची. अंगातलं वाईट निघून जातं म्हणायचा."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "ते तुमचं हृदय करत होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही शिकलो तेव्हा हृदय म्हणजे नुसता पंप असं शिकवायचे. आता चार-पाच वर्षांत नवीन कळलंय. उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांना धो धो लघवी झाली आणि तिच्यातून मीठ बाहेर पडलं. म्हणजे हृदय स्वतः एक रस तयार करतं. अंगात मीठ वाढलं की पाणी साठतं, रक्ताचं आकारमान वाढतं, ते कप्पे ताणले जातात आणि हा रस रक्तात सोडतात. तो मूत्रपिंडांना सांगतो, मीठ बाहेर टाका. रक्तवाहिन्या सैल करतो, दाब उतरवतो. तुम्हाला बाटली लागली की तुमचं हृदय हेच सांगत असणार."

"आणि आता?"

"हृदय अजून सांगतंय. जास्तच सांगत असेल. पण मूत्रपिंडं ऐकण्याच्या स्थितीत राहिली नाहीत. काहींची मुळातच जरा कमी ऐकतात, त्यांनाच मीठ सोसत नाही. तुम्ही त्यातल्या दिसता. यातलं बरंच अजून शोधतायत, मी छातीठोक सांगणार नाही. नुसत्या बाटल्यांनीच हे झालं असंही म्हणणार नाही. ब्लडप्रेशर होतंच. पण हे आगीत तेल ओतणं झालं."

मालनबाईनं छातीवर हात ठेवला. "म्हंजी माझं काळीज इतकी वर्षं उपसत बसलं, न् जया वरून वतत राहिला."

बाईंनी तिच्या पायाची सूज पुन्हा एकदा दाबून बघितली.

अंगात त्राण आल्यावर ती रावजीला घेऊन एसटीनं पिंपळगावला निघाली. बसमध्ये रावजी दात आवळून म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागला नाही तो."

"मिठाचं नाव काढू नको," मालनबाई म्हणाली, आणि ओझर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या मनात अजून एक फट शिल्लक होती. कदाचित जयालाही ठाऊक नसेल. बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं. कंपनीवाले काहीही भरून देत असतील. तिनं ही फट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

दवाखाना भरला होता. दारातल्या खाटेवर पेठकडचा पुंजा नावाचा मजूर पडला होता, हाताला नळी. मालनबाईला पाहून जयराम लगबगीनं उठला. "मावशी, मला कळवायचं तरी! कुठल्या दवाखान्यात होतीस?"

ती सरळ आतल्या खोलीत गेली. तो मागं आला. रावजी दारात थांबला.

"जया, त्या बाटलीत मीठ असतं?"

जयरामनं आधी रावजीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "सलाईन म्हणजे... हो. थोडं असतं."

"तुला ठाऊक व्हतं?"

"मावशी, ते आम्हाला पहिल्या वर्षालाच शिकवतात."

हे बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. मालनबाई तिथल्या बाकावर बसली. फट बुजली होती.

"मग मला का लावलीस?"

"तुला गोळीनं अशक्तपणा यायचा. बाटली लागली की तुलाच बरं वाटायचं. तूच मागायचीस."

"मी मागायचे. मी पहिल्या वर्षाला शिकले नव्हते."

जयराम खुर्चीत बसला. तो आता चाळिशीला टेकलेला, अंगानं सुटलेला माणूस होता, पण त्या क्षणी त्याचं तोंड लहानपणी चुकल्यावर व्हायचं तसं झालं. तो मनापासून समजावून सांगायला लागला. "तुला माहीत नाही मावशी, सुरुवातीला काय दिवस होते. नुसत्या गोळीवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. लोकांना बाटली दिसली पाहिजे. त्यात आपला डॉक्टर म्हणजे कच्चाच असणार, असं आपल्याच लोकांना वाटायचं. तू दारात झोपलेली दिसायचीस. लोक म्हणायचे, सख्ख्या मावशीला लावतो म्हणजे चांगलंच असणार. तुझ्यामुळं हा दवाखाना उभा राहिला, मावशी. मी कधी विसरलो नाही ते."

मालनबाईला वाटलं होतं तो आळशीपणा केला म्हणेल, चूक झाली म्हणेल. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पंख्याखालची खाट रिकामी असताना तो दारातली का झटकायचा, ते तिला आत्ता उमजलं.

"आणि मला विचारायचास," ती म्हणाली, "चोरून मीठ खाती का म्हणून."

"ते सगळ्यांनाच विचारतो."

ती उठली. बाहेर येताना पुंजा खाटेवरून तिच्याकडं बघून म्हणाला, "आता बरा वाटं, आई." ती त्याच्याशी बोलायला थांबली, पण शब्दच सुचले नाहीत. तो इतका समाधानानं पडला होता.

शब्द तिला पुढं सुचले. ती खळ्यावर गेली आणि बायकांना सांगितलं, बाटली म्हणजे मिठाचं पाणी, ब्लडप्रेशरवाल्यानं लावू नका. बायकांनी ऐकून घेतलं. आक्काबाईनं ऐकून घेतलं नाही. ती म्हणाली, "मालन, आपल्यातला एक पोरगा वर आला. त्याला खाली वढायला बाहेरचे कमी हायेत का? कोण कुठली बाई तुला सांगती न् तू घरच्यावर थुकती?" विहारातल्या दोन मोठ्या माणसांनी घरी येऊन हेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. मालनबाईनं त्यांना विचारलं, "माझं गेलं ते कुणी भरून देणार हाये का?" ते म्हणाले, समाजासाठी सोसावं लागतं. त्याच आठवड्यात आक्काबाई अंग मोडून आलं म्हणून दवाखान्यात बाटली लावून आली, आणि ते तिनं मालनबाईला मुद्दाम सांगितलं.

तेव्हा मालनबाईनं पिंपळगाव सोडलं. रावजी नाशकात इंदिरानगरला राहायचा. तिथं तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते आणि संध्याकाळी गुरं यायची. निमोणकर बाईंच्या गोळ्या, अळणी जेवण आणि मोजकं पाणी यावर तिची उरलेली मूत्रपिंडं टिकून राहिली. सूज उतरली. पारा खाली आला, तोही कुणी चोरीचा आळ न घेता. नातवंडांना सांभाळायची, अंगणात मेथी लावायची. जयरामचा विषय निघाला की उठून आत जायची. त्यानं दोनदा निरोप पाठवला, एकदा साडी पाठवली. साडी रावजीच्या बायकोनं परत केली.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ओझरला नात्यातलं लग्न होतं. रावजीनं आग्रह केला म्हणून मालनबाई गेली. मंगलपरिणय लागला, टाळ्या झाल्या आणि पाहुण्यांच्या गर्दीतून जयराम पांढऱ्या सफारीत पुढं आला. आता तो समाजातला मोठा माणूस होता, लोक वाट करून देत होते. मालनबाई खुर्चीवर बसली होती. सगळ्यांच्या देखत तो वाकला आणि पाया पडायला हात पुढं केले.

मालनबाईनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, घड्याळ नीट केल्यासारखं केलं आणि नवरदेवाच्या बापाशी बोलायला लागला. आजूबाजूच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. आक्काबाईनंही.

परतताना बसथांब्यावर रावजी म्हणाला, "आई, मनात असू दे. पण लोकांसमोर तरी असं करायचं नव्हतं."

"त्यानं केलं ते दारात, लोकांसमोरच केलं," मालनबाई म्हणाली. "मी एकटीच झोपेत व्हते."

नाशिकची गाडी आली तेव्हा रावजीनं आईला हात देऊन पायरी चढवली आणि खिडकीपाशी जागा धरून दिली.